पुरुषांचा उखाणा

आम्हा बायकांची एक सोय पूर्वजांनी फार शहाणपणाने करून ठेवली आहे. नवऱ्याचे नाव घ्यायचे नाही असा दंडक घातला, आणि लगेच त्या भिंतीला उखाण्याची खिडकी ठेवली. यमक जुळवा आणि खुशाल नाव घ्या! शब्द आपले नसतात, चाल आपली नसते. सगळे आईकडून, आत्याकडून, शेजारणीकडून उसने आणलेले. पण त्या उसन्या ओळींच्या शेवटी जे नाव येते ते मात्र आपले असते. ते घेताना एखादीचा आवाज जरासा हलला, तर हळदीकुंकवाला जमलेल्या साऱ्या जणींना बरोबर कळते.

पुरुषांची मात्र पंचाईत आहे. लग्नात करवल्यांनी फारच छळले तर ते एखादा उखाणा कसाबसा म्हणून टाकतात. त्यानंतर जन्मभर 'अगं' या एका अक्षरावर संसार ओढायचा. त्यातून आमचा खानदेशी पुरुष म्हणजे बोलण्याच्या बाबतीत महाकंजूष. भरीत मनासारखे झाले तर कळण्याची आणखी अर्धी भाकरी मागून घेईल, पण 'छान झालंय' म्हणणार नाही. त्या अर्ध्या भाकरीचा अर्थ लावायला बायकोने शिकावे, अशी त्याची अपेक्षा असते. आम्ही शिकतोही.

माझे माहेर जळगावचे, सासर धुळ्याचे. १९८२ साली लग्न होऊन मी देवपुरात आले. हे शाळेत गणित शिकवीत. फळ्यावर खडूने बोलणारा माणूस. घरी आला की खडूही नाही आणि फळाही नाही! लग्नानंतर दोन वर्षे मी केवळ अर्ध्या भाकऱ्या मोजल्या. मग १९८४ च्या दिवाळीत शिकवण्यांच्या पैशातून ह्यांनी एक टू-इन-वन आणला. त्याबरोबर आग्रा रोडवरच्या दुकानातून एक कॅसेट आणली. निवडक भावगीतांची, त्यातही प्रेमगीतांची. रात्रीची जेवणे आटोपली, सासूबाई आतल्या खोलीत जप करीत बसल्या. ह्यांनी यंत्राचे बटण दाबले, आणि स्वतः शाळेच्या वह्या तपासायला घेतल्या. पहिल्या बाजूचे पहिले गाणे अर्थात 'शुक्रतारा' होते.

गाणे मला नवे नव्हते. १९६२ सालचे ते गाणे ऐकतच आमची पिढी वाढली. जळगावला आकाशवाणीचे केंद्र आले ते १९७६ साली. त्याआधी मुंबईचे केंद्र रात्री खरखरत लागे. 'आपली आवड' कार्यक्रमात आम्ही बहिणी कान लावून बसत असू. पण रेडिओवर गाणे सगळ्या महाराष्ट्रासाठी लागते. त्या रात्री ते एका खोलीत, एका माणसाने, एकीसाठी लावले होते. वह्यांवरून मान वर न करता लावले होते हे खरे. तरी लावले होते.

त्या वेळी माझ्या मनात आले ते असे, की भावगीत म्हणजे पुरुषांचा उखाणाच की! स्वतः बोलायचे नाही. पाडगांवकरांनी लिहिलेले, खळ्यांनी चाल लावलेले, दात्यांनी गायलेले पुढे करायचे, आणि आपण त्या ओळींच्या आड उभे राहायचे. मग निवडक गाण्यांची कॅसेट म्हणजे उखाण्यांची चोपडीच. वर्षभराची बेगमी.

त्या गाण्याची जन्मकथा मोठी मजेदार आहे. दात्यांबरोबर ते गायलेल्या सुधा मल्होत्रा मूळच्या पंजाबी. हिंदी चित्रपटांत त्यांनी नाव मिळवले होते. १९५९ सालच्या 'दीदी' चित्रपटातल्या एका गाण्याची चालही त्यांचीच. १९६० साली लग्न झाले आणि त्यांनी चित्रपटातले गाणे सोडले. सासर म्हणजे ध्वनिक्षेपक बनवणाऱ्या 'शिकागो रेडिओ'वाल्या मोटवानींचे घराणे. आपल्याकडे सभा असो की लग्नाचा मांडव, त्या कर्ण्यांवर हे नाव लिहिलेले पिढ्यान्पिढ्या लोकांनी पाहिले आहे. अशा घरात गेलेल्या बाईने मराठीत इतके हळू, कानाशी बोलल्यासारखे गावे, हा एक विनोदच नव्हे का? २०१३ साली त्यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा आमच्या घरी गोड शिरा झाला होता. कारण सांगितले नाही. साखर जास्त झाली होती, असे ह्यांचे म्हणणे.

अरुण दाते इंदूरचे. जन्म १९३४ चा. वडील रामूभैया दाते म्हणजे गाण्याचे नावाजलेले रसिक. घरी मोठमोठ्या गवयांची ये-जा. हा मुलगा शिकून झाला मात्र कापड गिरणीतला इंजिनियर. गळ्यावर पहिला संस्कार उर्दू गझलेचा. संगीतकार श्रीनिवास खळे यांचे बालपण बडोद्याचे. राहता राहिले कवी मंगेश पाडगांवकर, ते वेंगुर्ल्याचे. आता नकाशा काढून पाहा. इंदुराहून आग्रा रस्त्याने खाली उतरले की शिरपूर, मग धुळे. गुजरातेतून येणारी सुरत-भुसावळ गाडी आमच्या नंदुरबार, अमळनेर, जळगावावरून जाते. म्हणजे ह्या गाण्याचा गळा एका वाटेने आला, चाल दुसऱ्या वाटेने आली, आणि दोन्ही वाटा आमच्या खानदेशातून जातात! पुण्यामुंबईच्या लोकांना हे गाणे आपले वाटते. त्यांना वाटो. गिरणीच्या भोंग्यावर घड्याळ लावणाऱ्या धुळे-अमळनेरच्या माणसांना गिरणीतल्या इंजिनियरचा आवाज जवळचा वाटला तर त्यात नवल काय?

सासूबाईंना मात्र तो वाटला नाही. एकदा जपाची माळ हातात घेऊन त्या दारात येऊन उभ्या राहिल्या आणि अहिराणीत म्हणाल्या, "हाई काय रडगानं शे?" हे गोंधळले आणि म्हणाले, "कविता आहे, आई." "कविता शे तर शाळामा शिकाड," असे म्हणून त्या परत जपाला गेल्या. पण दार लोटून घेतले नाही. उघडेच ठेवले. म्हाताऱ्या माणसांचे होकार असेच असतात.

संग्रहातल्या गाण्यांना रसिक मंडळी नाक मुरडतात. इथले एक, तिथले एक वेचून कंपनीने विकायला ठेवलेला माल, असे त्यांचे म्हणणे. मला ते पटत नाही. जात्यावरच्या, शेतातल्या ओव्या बहिणाबाईंच्या तोंडून निघाल्या आणि वाऱ्यावर गेल्या असत्या. सोपानदेवांच्या वहीत उतरल्या आणि १९५२ साली त्यांचे पुस्तक निघाले, म्हणून आज साऱ्या महाराष्ट्राच्या झाल्या. आम्हा जळगावकरांना संग्रहाची किंमत कोणी सांगायला नको.

आणि संग्रहाचा आणखी एक गुण आहे, तो जाणकारांच्या लक्षात येत नाही. जुन्या तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटांचे एकच गाणे असे. ते संपले की सुई खरखरायची. गाणे एकटे यायचे, एकटे जायचे. कॅसेटचे तसे नसते. तासाभराच्या कॅसेटच्या अर्ध्या भागात सात-आठ गाणी, एकामागून एक, ठरलेल्या क्रमाने. तो क्रम कुणी लावला? कंपनीतल्या कुणा कारकुनाने, मिनिटांचा हिशेब जमावा म्हणून लावला असेल. पण शंभर वेळा ऐकल्यावर तोच क्रम ब्रह्मलिखित होतो. एक गाणे संपून क्षणभर शांतता झाली, की पुढच्या गाण्याची सतार कानात आधीच वाजू लागते. आमच्या मुलीला लहानपणी वाटे, हे एकच लांबलचक गाणे आहे!

दुसऱ्या बाजूवर एक अपघात झाला. १९९१ च्या उन्हाळ्यात यंत्राने फीत खाल्ली. ह्यांनी पेन्सिल घालून ती सोडवली आणि चुरगळलेला तुकडा कापून नखाएवढ्या चिकटपट्टीने टोके जोडली. गणिताच्या माणसाचे काम, सांधा दिसू नये असे. मात्र तिसऱ्या गाण्यातली दीड ओळ गेली. तेव्हापासून आमच्या घरात ते गाणे दीड ओळ गाळूनच गायले जाते. मुलांना शाळेच्या सहलीत कोणी पुरे गाणे ऐकवले तेव्हा ती भांडून आली होती.

अशी बत्तीस-तेहतीस वर्षे गेली. टू-इन-वन बिघडला, दुसरा आला, तोही माळ्यावर गेला. हे निवृत्त झाले. मग २०१७ च्या जानेवारीत, पहाटे दूध घ्यायला उठलेला माणूस स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसला तो उठेचना. उजवा हात लुळा, तोंड वाकडे. अर्धांगाचा झटका. जिवावरचे हातावर निभावले म्हणतात ना, तसे निभावले. पण वाचा गेली. समजत सगळे होते. वर्तमानपत्र पुढे धरले तर नजर ओळींवरून जाई. बोलायला गेले की ओठ हलत, कपाळावर घाम येई, आणि शब्द येत नसे.

स्पीच थेरपीच्या बाई आठवड्यातून दोनदा येऊ लागल्या. तरुण पोर, पण मोठी समजूतदार. तिने मला समजावून दिले ते मी माझ्या भाषेत सांगते. बोलण्याची कळ बहुतेकांच्या मेंदूच्या डाव्या अंगाला असते. १८६१ साली पॅरिसच्या ब्रोका नावाच्या डॉक्टरने एक रोगी तपासला होता. त्याला सगळे कळे, पण तोंडातून 'टॅन' एवढेच निघे. तो वारल्यावर त्याचा मेंदू पाहिला, तर डाव्या बाजूला पुढे इजा झालेली. तेव्हापासून त्या जागेला ब्रोकाचे नाव आहे. आमच्या वाट्याला 'टॅन' नव्हे, 'हात्तिच्या' आले. दीड महिना हे फक्त 'हात्तिच्या' म्हणत. चहा आला तरी, गोळी आली तरी, डॉक्टर आले तरी. डॉक्टर हसले. मी हसले नाही.

पण गाण्याचे काम मेंदूच्या उजव्या अंगालाही चालते, असे ती म्हणाली. त्यामुळे काही रोग्यांना बोलता येत नाही, पण पाठ असलेले गाता येते. बोस्टनच्या तज्ज्ञांनी १९७३ साली यावरून एक उपचारच बसवला. रोजची लहान लहान वाक्ये दोन सुरांत गायची, डाव्या हाताने ठेका धरायचा, आणि हळूहळू सूर काढून घ्यायचा. सगळ्यांना गुण येतोच असे नाही, हेही तिने आधीच सांगून ठेवले. "काकू, काकांना कुठलं गाणं पाठ आहे?" तिने विचारले.

मी काही बोलले नाही. मुलाने मोबाईलवर 'शुक्रतारा' लावले. सुरुवातीचे वाद्यसंगीत संपले आणि हे गाऊ लागले. बेसूर, पण शब्दन् शब्द स्पष्ट. ज्या तोंडातून 'पाणी' निघत नव्हते त्यातून आख्खे कडवे निघाले.

मुलगा रडला. मी पदराने डोळे पुसले, आणि मनात एक वाईट शंका आली. ती सांगितल्यावाचून हा लेख पुरा व्हायचा नाही. थेरपीच्या बाईंनीच ती पेरली, आणि प्रामाणिकपणे पेरली. "हे आपोआप येतं, काकू. पाढे येतात, श्लोक येतात, शिव्यासुद्धा येतात. याचा अर्थ ते बोलताहेत असा घेऊ नका." खरेच, हे पाढे म्हणून दाखवू लागले. बे एके बे पासून सुरू झाले की तीस दाहे तीनशेपर्यंत गाडी थांबत नसे. मनाचे श्लोकही तसेच. मग मी विचार करी, की जन्मभर ज्या उसन्या ओळींच्या आड हा माणूस उभा आहे असे मी धरून चालले, त्या ओळींच्या आड आता कोणी आहे की नाही? की प्रेम आणि सत्ताविसाचा पाढा एकाच फडताळात ठेवलेले असतात? मुलीला पुण्याला फोन केला तर ती म्हणाली, "आई, गातात ना नाना? मग झालं तर." तिचे तेवढ्याने होत होते. माझे होत नव्हते.

शंका फिटली असे मी म्हणणार नाही. पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली, ती थेरपीच्या बाईंच्या आधी आली.

हे गाणे दोघांचे आहे. एक कडवे त्याचे, एक तिचे. आणि गंमत अशी, की त्यातल्या नायिकेलाही शब्दांचीच अडचण आहे. मनातले कसे सांगावे हेच तिला कळत नाही. एका दुपारी वीज नव्हती, मोबाईल बंद. ह्यांनी आपणहून गाणे सुरू केले. आपले झाले आणि थांबले. मला वाटले, दमले. तर माझ्याकडे पाहत बसले. मी "पाणी देऊ?" म्हटले, तर डावा हात हलवून 'नाही'. पुन्हा पहिल्यापासून गायले, पुन्हा त्याच ठिकाणी थांबले आणि पाहिले. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पुढचे कडवे सुधाबाईंचे होते.

मला गाता येत नाही. आमच्या जळगावच्या घरात मला आरतीलासुद्धा टाळ देत, तोंड उघडू देत नसत. तरी मी कशीबशी ते कडवे म्हटले. शेवटचा शब्द संपताक्षणी ह्यांनी पुढचे उचलले. मी मुद्दाम उशीर केला, तर तेवढा वेळ थांबले. पाढ्यांना हे कोणासाठी थांबत नाहीत. 'बे दुणे' कोणी म्हणावे म्हणून त्यांनी कधी वाट पाहिली नाही, मनाच्या श्लोकांतही नाही. थेरपीच्या बाईंना हे सांगितले, तेव्हा त्यांनी वहीत काहीतरी लिहिले आणि "इंटरेस्टिंग" म्हणाल्या. मला त्या इंग्रजी शब्दाहून जास्त काही नको होते.

क्रमाची गोष्टही तेव्हाच निघाली. मोबाईलवर 'शुक्रतारा' संपले की पुढे भलतेच गाणे लागे, आणि हे चिडून 'हात्तिच्या, हात्तिच्या' करीत. मुलाला कळेना. मी माळ्यावरून कॅसेटचे रिकामे कव्हर शोधून काढले. त्याच्या पाठीवर बारीक अक्षरांत यादी होती. त्या यादीप्रमाणे त्याने एकेक गाणे ओळीने लावून दिले. मग तक्रार राहिली नाही. फक्त दुसऱ्या बाजूच्या तिसऱ्या गाण्याला हे दरवेळी अडखळतात. मोबाईलवर ती दीड ओळ शाबूत आहे! ती आली की हे परक्या माणसाकडे पाहावे तसे त्या यंत्राकडे पाहतात, आणि पुढची ओळ आली की पुन्हा गाडीत चढतात.

६ मे २०१८ ला अरुण दाते गेले. बातमी टीव्हीवर लागली. त्यांच्या 'शुक्रतारा' कार्यक्रमाचे अडीच हजारांहून जास्त प्रयोग झाले, त्यांत निरनिराळ्या गायिकांनी ते दुसरे कडवे गायले. हे ऐकून मला उगीच धीर आला. खळे २०११ सालीच गेले होते, पाडगांवकर २०१५ च्या अखेरीस. त्या दिवशी ह्यांनी गायले नाही, आणि मीही आग्रह केला नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आपणहून सुरू केले.

आता चाळीसेक शब्द आले आहेत. पहिला 'चहा', तो दोन सुरांत, मांडीवर डाव्या हाताने ठेका धरून. मग 'बस', 'नको', 'उन्ह', नातवाचे नाव. माझे नाव अजून घेतलेले नाही. घेतील असेही नाही. चांगले चालते-बोलते होते तेव्हा तरी कुठे घेत होते? मध्यंतरी भरीत केले होते, तेव्हा ताट पुढे सरकवून 'अर्धी' म्हणाले. इतकी वर्षे हा शब्दसुद्धा खुणेवर होता.

मागच्या महिन्यात थेरपीच्या बाईंचा फोन आला. अमळनेरकडचे एक गृहस्थ त्यांच्याकडे नवे आले आहेत. बोलणे बंद, गाणी पुष्कळ पाठ. त्यांच्या बाईला धीर वाटावा म्हणून आमच्याकडे घेऊन येऊ का, असे विचारत होत्या. "जरूर आणा," मी म्हटले, "पण त्यांना म्हणावं, येताना बाईचं कडवं पाठ करून या."